कुंदाताई रबर मुरवतात

“ही मेली! ही पण मेली! ही अजून मेली नाही, पण वाचायची नाही. उचला! आणि ही कोणी केली रे? हिला ताप आहे, हात लावून बघ!”

हे इस्पितळ नव्हतं. मानपाड्याजवळच्या एमआयडीसीतला पाटलांचा रबराचा कारखाना होता. एरवी तिथे गास्केटं आणि वॉशर निघायचे. त्या दिवशी टेबलावर काळ्या रबरी तबकड्यांची रास होती, आणि तिच्यासमोर कमरेला पदर खोचून कुंदाताई राणे उभ्या होत्या. एकेक तबकडी उचलायची, दाबायची, हुंगायची आणि निकाल देऊन भिरकावायची. त्या आवाजानं प्रेसवरच्या माणसाचा हात थांबला, प्रेस थांबला. शेजारच्या रंगाच्या कारखान्यातले लोक जेवणाचा भोंगा झाला असं समजून डबे घेऊन बाहेर आले, असं पाटील अजून शपथेवर सांगतात.

“मावशे,” पाटील कळवळून म्हणाले, “ते रबर हाय, वांगा नाय. दाबून दाबून काय बगतंस?”

“पाटील, मी आख्खी नोकरी माणसं दाबून बघितली. आता रबर मला शिकवू नका. हा बघा अंगठा. हा दाबला. हा काढला. खड्डा लगेच भरला, म्हणजे रबर कडक, साखळीला लागून उडी मारून परत येणार. खड्डा भरलाच नाही, म्हणजे हवेतच जीव सोडणार. मला कशी पाहिजे? खड्डा थोडा विचार करून भरला पाहिजे.”

“विचार करून?” पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मी त्यांना स्कूटरवरून आणलेला शेजारी, माझं काम हॅण्डल धरण्यापुरतं.

कुंदाताई आमच्या सोसायटीत, माझ्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. माहेर ठाण्याला वर्तकनगरात, सासर मालवणकडचं. ठाण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात त्या मेट्रन होत्या. त्यांची फेरी सुरू झाली की पेशंट पडल्या पडल्या सावधान व्हायचे म्हणे. एका डॉक्टरांना त्यांनी वॉर्डात चपलेचा आवाज केला म्हणून बाहेर काढलं होतं, आणि ते डॉक्टर बिचारे स्वतःच्याच ऑपरेशनला बाहेर उभे राहिले होते. ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली, तेव्हा ऑपरेशन ॲपेंडिक्सचं होतं. दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा हृदयाचं होतं. मी तिसऱ्यांदा ऐकायची वाट बघतोय.

निवृत्त झाल्यावर त्या मुलाकडे परदेशी गेल्या, सुनेचं बाळंतपण करायला. तिथे घरामागे मोठं उद्यान. एके सकाळी बाळाला घेऊन खिडकीत उभ्या असताना त्यांना दिसलं, की चांगली थोराड माणसं बशा फेकतायत, लांबवर एका खांबाला साखळ्या टांगल्यात, खाली टोपली आहे आणि बशी त्या टोपलीत पडली की माणसं एकमेकांना टाळ्या देतायत. मुलानं सांगितलं, आई, हा डिस्क गोल्फ. गोल्फच, फक्त चेंडूच्या जागी तबकडी आणि भोकाच्या जागी टोपली. कमीत कमी फेकींत आत घालायची.

“म्हणजे लांबून गाठोडं टाकून लाँड्रीच्या पेटीत घालायचं,” कुंदाताई म्हणाल्या. “वॉर्डात मी दुसरं केलं काय?”

आणि दुसऱ्या दिवशी त्या खाली उतरल्या. साडीवर स्वेटर, स्वेटरवर मुलाचं जाकीट, पायात बूट. तिथल्या लोकांनी आधी नमस्कार केला आणि आठवडाभरानं सल्ला विचारायला सुरुवात केली. हेही त्यांनीच सांगितलंय, पण यावर माझा विश्वास आहे.

परत येताना सगळे लोक चॉकलेटं आणतात. कुंदाताईंनी पिशवीभर तबकड्या आणल्या. प्लॅस्टिकच्या नव्हेत, रबरी. प्लॅस्टिक त्यांना मुळीच आवडत नाही. “प्लॅस्टिकला तोंडदेखलं बोलायची सवय असते. रबर हाताला धरतं,” असं त्यांचं मत. विमानतळावर अधिकाऱ्यानं पिशवी उघडली.

“मॅडम, ये क्या है?”

“डब्बे के ढक्कन.”

“डब्बे कहाँ हैं?”

“डब्बे घर पे हैं. ढक्कन नहीं थे, इसी लिए तो लाये ना!”

त्यानं एक उचलून दाबून पाहिली. झालं. “अरे, नख नको! अंगठ्याचा गोळा लाव, गोळा! असा. हां. आता सोड. भरला का खड्डा? थोडा वेळ लागला ना? म्हणजे चांगली आहे!” मागे लोकांची रांग खोळंबलेली, आणि तो अधिकारी एकेक तबकडी काढून अंगठा लावतोय. शेवटी त्यानंच एक बाजूला काढून सांगितलं, “मॅडम, ये वाली ठीक नहीं है.” कुंदाताईंनी ती तिथेच त्याला बक्षीस दिली.

टोपली आमच्या सोसायटीतच तयार झाली. इमारतीमागे एक मोकळा तुकडा आहे. मधोमध जांभळाचं झाड, उजवीकडे पाण्याची टाकी, डावीकडे तळमजल्याच्या गॅलऱ्या. बाकी दगड, गवत आणि पूर्वी कुणीतरी टाकलेलं कमोड. तिथे कोणी फिरकत नसे. कुंदाताईंनी कमोड हलवलं, बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम मिळवला, आपल्याच घरातल्या झोपाळ्याच्या पितळी साखळ्या उतरवल्या आणि फॅब्रिकेटरला बोलावलं. नकाशा काढून दिला भाऊंनी.

भाऊ म्हणजे त्यांचे यजमान. आयुष्यभर एका कंपनीत यंत्रांची ड्रॉइंगं काढली. कुंदाताई जितक्या बोलतात तितकेच भाऊ बोलत नाहीत. दोघांची सरासरी काढली तर दोन सामान्य माणसं निघतील. स्वयंपाक भाऊच करतात, कारण कुंदाताईंच्या हातची आमटी पेशंटच्या आमटीसारखी लागते. ही गोष्टही घरात कधी बोलली गेलेली नाही. भाऊंनी एक दिवस फक्त डाव हातात घेतला.

त्या वर्षी भाऊंचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. भाऊंनी मान हलवली आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. सकाळी भाजी फोडणीला टाकून खुर्चीत, दुपारी जेवून खुर्चीत. खुर्चीच्या पाठीला भाऊंच्या पाठीचा आकार आला होता. ते उठून गेले तरी कोणीतरी बसलंय असं वाटायचं. कुंदाताईंनी हुकूम देऊन बघितलं. ओरडून बघितलं. ज्या आवाजावर शंभर खाटा उठून बसायच्या, त्या आवाजावर एक खुर्ची हलली नाही. मी एकदाच त्यांना जिन्यात गप्प उभं असलेलं पाहिलं, ते त्या दिवसांत. मला बघून म्हणाल्या, “काय बघतोस प्रकाश? दम लागलाय.” त्या खाली उतरत होत्या.

पण टोपलीचा विषय निघाला आणि भाऊंनी टेबलाचा खण उघडून पेन्सिलीला टोक केलं. मापासकट नकाशा काढला. टोपली उभी राहिली तेव्हा ते ती बघायला खाली आले. कुंदाताईंनी फेकली तबकडी. नवी होती, ताठ होती, ती डावीकडे वळून गवतात गेली. कुंदाताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “गुडघा धरलाय माझा,” म्हणाल्या. भाऊ गेले आणि तबकडी घेऊन आले.

त्या दिवसापासून हा क्रम पडला. ताई फेकणार, भाऊ आणणार. चालायला सांगितलं असतं तर भाऊ चालले नसते. पण वस्तू गवतात पडून राहिलेली त्यांना बघवत नाही. मी माझ्या खिडकीतून बघायचो. ज्या दिवशी भाऊंनी आदल्या संध्याकाळी कंटाळा केलेला असेल, त्या दिवशी ताईंचा नेम हमखास बिघडायचा आणि तबकडी पार टाकीच्या मागे जायची. एरवी ती बाई जांभळाच्या एका ठरावीक पानाला सांगून मारायची. आता गुडघ्याचं दुखणं नेमाला कसं लागू होतं, हे वैद्यकशास्त्र मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. काही गोष्टी मेट्रनला विचारायच्या नसतात.

हळूहळू तो तुकडा गजबजला. दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळेबाई यायला लागल्या, त्यांच्या सासूबाई यायला लागल्या, मधुमेहवाले आले, कंबरदुखीवाले आले. भाऊंना सोबत झाली. एक दिवस भाऊ एक आख्खं वाक्य बोलल्याचं कांबळेबाईंनी सांगितलं. काय बोलले ते त्यांना आठवेना, धक्क्यानं विसरल्या.

आणि कुंदाताईंची शाळा सुरू झाली: रबर मुरवण्याची.

“नवी तबकडी ही नवीन लागलेल्या नर्ससारखी असते,” त्या सांगायच्या. “ताठ. चकचकीत. कुणाचं ऐकत नाही. फेकली की शेवटी डावीकडे जाणार म्हणजे जाणार. तिला मारून उपयोग नाही. ड्यूटी लावायची.”

ड्यूटी म्हणजे अशी. पहिला आठवडा पंपाच्या खोलीच्या भिंतीवर, हलक्या हातानं, कड फिरवत. एकाच जागी मार लागला तर कड खाल्ली जाते आणि तबकडी लंगडी होते. मग माती. ओली नाही, कोरडी, आणि चाळलेली. त्यासाठी कुंदाताईंनी घरातली पिठाची चाळणी खाली आणली आणि भाऊंनी काही न बोलता नवी विकत आणली. मातीनं वरची चमक जाते, हाताला पकड येते. मग उशी. तबकडी उशीखाली घेऊन झोपायचं. अंगाच्या उबेनं रबर सैल होतं आणि तबकडीचं पोट नीट बसतं. त्यांची स्वतःची उशी दोन तबकड्यांनी आधीच भरलेली, म्हणून एक भाऊंच्या उशीखाली गेली. भाऊ महिनाभर मान तिरकी करून चालत होते, म्हणून त्यांना वाटेत डावीकडची माणसं तेवढी दिसायची. उन्हात ठेवायची नाही, रबर तडकतं. बाजारात जाताना काखेत न्यायची. डोंबिवलीच्या भाजीबाजारात काखेत काळी तबकडी धरून कोथिंबिरीचा भाव करणारी बाई बघून एका भाजीवाल्यानं विचारलं, “आजी, स्टेअरिंग कुठलं?” ताई म्हणाल्या, “माझ्या घरचं. तू जुडी दाखव.”

असं करत करत तबकडी मुरते. मग ती सरळ जाते. फार मुरली तर मात्र उलटी, उजवीकडे पडायला लागते. “मग तिला रिटायर करायची,” ताई म्हणायच्या. त्यांच्या घरात पिण्याच्या पाण्याच्या माठावर, पिठाच्या डब्यावर, ताकाच्या पातेल्यावर सगळीकडे निवृत्त तबकड्या झाकणं म्हणून नेमणुकीवर आहेत.

परदेशातला साठा असा मुरून मुरून माठावर चढला, तेव्हा कुंदाताईंनी पाटलांना गाठलं. पाटलांनी आधी नाही म्हटलं, मग साचा केला, मग रास पाडली. मी सुरुवातीला सांगितला तो प्रसंग त्या राशीचा. सगळ्या राशीतून ताईंनी एकच निवडली. ती त्यांनी कानाशी धरून टिचकी मारून ऐकली, हुंगली, कड गालावरून फिरवली, दुमडून सोडली.

“ही,” म्हणाल्या.

“आनि बाकीच्यांचा मी काय करू गो मावशे?”

“बाकीच्या पाटील, तुमच्या. तुम्ही खेळा. पोट बघा जरा.”

पाटलांनी पोट बघितलं. हल्ली रविवारी त्यांचे कामगार कारखान्यामागे तबकड्या फेकतात असं कानावर आहे.

ही एकच तबकडी एवढ्या छाननीनं निवडायचं कारण होतं खानविलकर.

खानविलकर आमचे सेक्रेटरी. तळमजल्यावर, डावीकडच्या गॅलरीवाले. माणूस वाईट नाही. सोसायटीची पाण्याची मोटर मध्येच बंद पडली तर स्वतः लेंग्यावर धावतो. पण त्यांची गॅलरी नेमकी तिथे, जिथे नव्या तबकड्या वळतात. एका सकाळी ते गॅलरीत पोह्यांची बशी मांडून लिंबू पिळत होते. वरून तबकडी आली आणि बरोब्बर बशीवर झाकण बसल्यासारखी बसली. पोहा एक उडाला नाही. खानविलकर लिंबू धरून बसून राहिले. भाऊ तबकडी आणायला गेले, त्यांनी ती उचलली, खाली बघितलं, आणि “मीठ कमी आसा” एवढंच म्हणून परत आले. हे वाक्य खानविलकरांना तबकडीपेक्षा जास्त लागलं, कारण पोहे त्यांनी स्वतः केले होते.

पुढच्या सोसायटीच्या सभेत खानविलकर उभे राहिले. “मागचा मोकळा तुकडा सिमेंट करून पार्किंग करावं, असा माझा प्रस्ताव आहे. गाड्या वाढल्यात. आणि त्या... त्या टोपलीचा उपद्रव वाढलाय. राणेबाईंची तबकडी कुठे जाईल याचा नेम नाही.”

“नेम नाही?” कुंदाताई उठल्या. खुर्ची मागे पडली. “माझा नेम नाही?”

“नेम असता तर माझ्या पोह्यांवर...”

“खानविलकर, ती नवी होती म्हणून! मुरलेली तबकडी कशी जाते बघायचंय? त्या मागच्या गेटापासून फेकते, जांभळाच्या वळणानं, टोपलीत. एक फेक. एकच! आत गेली तर तुकडा आहे तसा राहील आणि पुन्हा कोणी सिमेंटाचं नाव काढायचं नाही. नाही गेली, तर टोपलीचे नट मी माझ्या हातानं सोडवीन.”

सभेत एकदम गलका झाला. गाडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण मागच्या गेटापासून टोपली दिसतसुद्धा नाही. मध्ये जांभूळ आहे. तबकडी जरा नवी असेल तर डावीकडे खानविलकरांकडे, जरा जास्त मुरलेली असेल तर उजवीकडे टाकीवर. खानविलकरांनी लगेच “मंजूर” म्हटलं आणि पुढच्या महिन्यातला एक रविवार ठरवून वहीत लिहूनसुद्धा घेतलं. कांबळेबाईंनी कपाळावर हात मारला. मी भाऊंकडे बघितलं. ते मागच्या रांगेत बसले होते, खुर्चीच्या दोन्ही दांड्या घट्ट धरून.

जिन्यात मी म्हणालो, “ताई, हे काय केलंत? हरलात तर?”

“तर काय?”

“तर भाऊ...”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता मला थर्मामीटर लावणार. “म्हणून तर चांगली तबकडी पाहिजे,” म्हणाल्या. “सकाळी स्कूटर काढ.”

पाटलांकडून आणलेली ती तबकडी मुरवायला ताईंनी जो चंग बांधला, त्याला तोड नाही. भिंत झाली, माती झाली, उशी झाली. रोज पहाटे गेटापासून फेक. पहिल्यांदा डावीकडे, मग कमी डावीकडे, मग जांभळाच्या खोडावर, मग फांद्यांत. भाऊ झाडाखाली काठी घेऊन उभे. त्या दिवसांत त्यांच्या इतक्या फेऱ्या झाल्या की डॉक्टरांनी तपासून विचारलं, “कुठे डोंगराबिंगरावर जाता की काय?” भाऊ म्हणाले, “गवतात.” शेवटी एका सकाळी तबकडीनं जांभळाला हात न लावता वळण घेतलं आणि साखळ्या खणखणल्या. आत पडली नाही, लागून परत आली. “अजून जराशी ताठ आहे,” ताई म्हणाल्या. “दोन दिवसांत येईल लायनीवर.”

फेकीच्या रविवारी सकाळी समोरच्या दारातून किंचाळी आली. किंचाळी म्हणजे कशी, तर कल्याणच्या खाडीवरचे बगळे उठले असतील. मी ब्रश तोंडात तसाच धरून धावलो.

स्वयंपाकघरात ओट्यावर ती तबकडी होती. काळीभोर, तुकतुकीत, कडेला फुगलेली, अनारशासारखी. बाजूला खोबरेल तेलाची वाटी. आणि वाटीच्या बाजूला भाऊ.

“तुमी काय केल्यात ह्यां?”

“तेल लावलंय,” भाऊ म्हणाले.

“रबराक? तेल?”

“नव्या वस्तूक लावतत. तव्याक लावतत, कोयत्याच्या मुठीक लावतत. तूच म्हणालंस, जराशी ताठ आसा.” मग थोडं थांबून, “काल दुपारपासून मुरत ठेवलंय.”

ज्याच्या गावात नवी वस्तू घरात आली की आधी तिला तेल लागतं, त्या माणसानं दुसरं काय करावं? पण रबर तेल पितं. ती तबकडी आदल्या दुपारपासून पीत होती. ताईंनी अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडला. हातातून ती माशासारखी निसटली आणि सिंकमध्ये पडली.

मला वाटलं, आता इमारत कोसळणार. भाऊंचा चेहरा उतरला होता. ते मागे सरकले आणि गॅलरीतल्या त्या खुर्चीकडे वळले. ताईंनी ते बघितलं. आणि ज्या बाईनं चपलेच्या आवाजासाठी सर्जनला सोडलं नाही, ती बाई एकदम साध्या आवाजात म्हणाली, “बसताय कुठे? पावडरीचा डबा काढा. मोठा.”

आम्ही तिघांनी मिळून तबकडी कापडानं पुसली. मग ताईंनी तिच्यावर टाल्कम पावडर अशी ओतली, की स्वयंपाकघरात ढग जमला. “ऑपरेशनच्या रबरी हातमोज्यांना आम्ही हेच करायचो,” म्हणाल्या. खाली उतरताना दारात त्या थांबल्या आणि ब्रश धरलेल्या माझ्या हाताकडे बोट करून म्हणाल्या, “खाली कोणी विचारलं तर तेल मी लावायला सांगितलं. कळलं?” मी फेस गिळून मान हलवली.

खाली सगळी सोसायटी. गाडीवाले एका बाजूला, गुडघेवाले एका बाजूला. पाटील कारखान्यातली दोन माणसं घेऊन आलेले, आपल्या गास्केटची अब्रू बघायला. खानविलकर टोपलीपाशी उभे, हातात पान्हा. नट सोडवायला लागला तर शोधाशोध नको म्हणून.

“बाई, ही पांढरी का?” त्यांनी लांबून ओरडून विचारलं.

“तयारी आहे ती!” ताई गेटातून गरजल्या.

भाऊ जांभळाखाली, आपल्या रोजच्या जागी.

ताईंनी एक पाय मागे घेतला, पदर पुन्हा खोचला, हात छातीशी आणला. तो हात सुटला तेव्हा पावडरीचा असा लोट उठला की ताई दिसेनाशा झाल्या. लोटातून तबकडी बाहेर आली. उडत आली म्हणणं बरोबर नाही, लटपटत आली. तिच्या कडा हवेत हलत होत्या, कपडा झटकल्यासारखा आवाज होत होता. ती जांभळाकडे आली, डावीकडे झुकली, गॅलरीतून खानविलकर वहिनींनी पोह्यांची बशी पोटाशी धरली. मग तिचा विचार बदलला. ती उजवीकडे झुकली, टाकीच्या झाकणावर बसलेला कावळा उठला. मग पुन्हा तिचा विचार बदलला. पाटील मोठ्यानं म्हणाले, “आयला, ही विचार करतं!”

आणि ती साखळ्यांवर जाऊन आदळली. खणखण नाही, काही नाही. ओलं फडकं दोरीवर टाकल्यासारखा ‘थप्’ आवाज झाला आणि तबकडी दोन साखळ्यांमध्ये दुमडून लटकून राहिली.

खानविलकरांनी पान्हा वर केला.

“आत पडली नाही!” खानविलकर ओरडले. “लटकली आहे!”

“साखळीनं धरली की झालं! खेळाचा तसाच नियम आहे!” ताई धावत येत होत्या. गुडघ्याचं त्या क्षणी त्यांच्या लक्षात नसावं.

“टोपलीत म्हणाला होतात! वहीत टोपली लिहिलंय!”

“खानविलकर, पेशंट खाटेवर नसला आणि स्ट्रेचरवर असला, तरी तो भरती असतो!”

गाडीवाले ओरडायला लागले, गुडघेवाले ओरडायला लागले, कांबळेबाईंच्या सासूबाई काठी उगारून पुढे आल्या. एवढ्या गोंधळात टोपलीकडे बघत होते फक्त भाऊ. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आश्चर्य असं की सगळे थांबले. भाऊंनी आजवर कुणाला थांबवलंच नव्हतं, म्हणून असेल.

दोन्ही साखळ्या तबकडीतून पाझरलेल्या तेलानं माखल्या होत्या. तबकडी हलली. एका बाजूनं जरा घसरली, थांबली. पुन्हा घसरली. खानविलकर पान्हा घेऊन तोंड उघडं टाकून बघत होते. ती अगदी सावकाश, बशीतून साय ओघळावी तशी, साखळ्यांवरून खाली उतरली आणि ड्रममध्ये पडली.

काय तो आरडाओरडा! पाटलांनी मला मिठी मारली, त्यांच्या कारागिरानं पाटलांना मारली. गाडीवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते. इतकी चांगली फेक बघितल्यावर माणसाला गाडी आहे हे आठवत नाही. खानविलकरांनी पान्हा खिशात घालायचा प्रयत्न केला, तो लेंग्याच्या खिशात मावेना. शेवटी त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला आणि ताईंशी हात मिळवला. दोघांचेही हात तेलानं आणि पावडरीनं बरबटले.

हळूहळू लोक पांगले. ऊन चढायला लागलं होतं. कुंदाताई जांभळाच्या सावलीत उभ्या होत्या, केसांत पावडर, पदर अजून खोचलेला. भाऊ तबकडी काढायला टोपलीकडे निघाले होते. घाई नाही, काठी नाही, वाटेत एक दगड पायानं बाजूला सारून पुढे. ताई त्यांच्याकडे बघत होत्या.

खानविलकर त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. जरा वेळ तेही भाऊंकडे बघत राहिले. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “राणेबाई, एक सांगा. एकच फेक म्हणाला होतात. समजा नसती गेली आत, तर?”

ताईंनी मान वळवली नाही.

“परत फेकली असती.”